गच्चीवरची तीन पिंपे

मी, श्रीमती शशिकला भगवान खारकर, वय ६३, निवृत्त परिचारिका, राहणार पनवेल, आज पूर्ण शुद्धीत आणि कुणाचेही दडपण नसताना लिहून ठेवते की, माझ्यामागे माझ्या चीजवस्तूंची विल्हेवाट पुढीलप्रमाणे लावावी. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. माझ्या पोटातल्या दुखण्याला डॉक्टरांनी दिवाळीपर्यंतची मुदत दिली आहे, म्हणून ही घाई.

कलम १. वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या व गच्ची मुलगा चि. दीपेश याला द्यावी. तो पुण्याला असतो. इथे राहायला येणार नाही, विकेल. विकू दे. खालचा मजला माझे दीर श्री. काशिराम यांचा आहे, त्यावर माझा हक्क नाही.

कलम २. पोस्टातली शिल्लक सून सौ. निशा हिला. सासऱ्यांच्या आजारात ती रजा काढून तीन आठवडे राहिली, उलटीचे भांडे धरले, एकदाही नाक मुरडले नाही. दागिने कुणी शोधू नयेत. ते त्याच आजारात गेले.

कलम ३. गच्चीवरची तीन अर्धी कापलेली लोखंडी पिंपे. हे कलम गाळा, असे वकीलसाहेबांनी दोनदा सांगितले. मी गाळत नाही. मेलेल्या बाईवर खटला कोण भरणार?

माझे यजमान कै. भगवान उरणला एका कारखान्यात फिटर होते. १९९२ साली त्यांचा कॅन्सर हाडांत उतरला. मी बत्तीस वर्षे नर्स होते, तरी त्यांची कळ थांबवील असे औषध मला पनवेलात मिळाले नाही. मुंबईहूनही तीनदा रिकाम्या हाताने परत आले. गांजाने कळ जरा सुसह्य होते, चार घास जातात, असे एकाने सांगितले व बी दिले. त्याचे नाव लिहीत नाही. तो हयात आहे. हा गुन्हा आहे हे मला ठाऊक होते. पिंपांच्या बुडाला भोके यजमानांनीच पाडली, प्रत्येक भोकानंतर दम खात. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत रोपे गुडघ्याएवढी झाली.

मग एकदा पिंपातले गढूळ पाणी भाऊजींच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर ठिबकले. ते अंगणातून ओरडले, "वहिनी, वर काय शेती मांडलीय? येऊन बघू का?" ते वर आले असते तर त्यांनी पाने ओळखली असती. त्याच दुपारी मी चिंध्या कोंबून सगळी भोके बुजवली.

पाने लोंबली, पिवळी पडली. मला वाटले, मे महिन्याच्या उन्हाने तहानली. सकाळी एक बादली घालत होते, ती संध्याकाळीही घालू लागले. दारावर भाजी आणणारी भामा एकदा वर आली. झाड कसले, हे तिने विचारले नाही. मातीत बोट खुपसून म्हणाली, "वयनी, यांना तान नाय लागली. पानी जास्ती झालाय, खाली कुजलीत. भोकं मोकली करा." भाऊजींच्या भीतीने मी आणखी आठ दिवस घालवले.

शेवटी एका दुपारी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन निघाले, तेव्हा यजमान म्हणाले, "शशी, मेली ती झाडं. बस जरा इथे."

मी म्हटले, "आलेच. पाच मिनिटं."

वर मुळे काळी, घाण वास येणारी, हातात तुटून आली. मी तिन्ही पिंपे उपसत बसले. खाली आले तेव्हा ते गेलेले होते.

दीपेशने विचारले, "आई, तू कुठे होतीस?" मी म्हटले, गच्चीवर. का, ते सांगितले नाही. तेव्हापासून तो या घरात मुक्कामाला राहिलेला नाही. त्याला हे वाचून कळावे, म्हणून हे कलम.

दोन वर्षे मी भाऊजींना दोष दिला. आता देत नाही. भोके मी बुजवली, पाणी मी घातले. आणि रोपे जगली असती तरी यजमान वाचले नसतेच.

सदर पिंपे भामाला द्यावीत. पुढे ती ज्याच्याकडे जातील त्याने खाली विटा द्याव्यात, भोके मोकळी ठेवावीत. पाने लोंबली तरी आधी दोन पेरे बोट मातीत घालावे. ओल लागली तर त्या दिवशी पाणी घालू नये.

कलम ४. यजमानांची हत्यारांची पेटी काशिरामभाऊजींना. तीन वर्षे आमचे बोलणे नाही, पेटी दिल्याने होईल असेही नाही. भावाची हत्यारे भावाकडे असावीत, इतकेच.

कलम ५. माझ्यासाठी कुणी औषधे शोधत फिरू नये. दीपेशला दोन पत्रे घातली, उत्तर नाही. त्याला तार करायची ती मी गेल्यावर करावी. आधी केली आणि तो आला नाही, तर ते मला कळेल.

मजकूर वाचून पाहिला, बरोबर आहे, म्हणून सही करते.

(सही) शशिकला भगवान खारकर
पनवेल, दि. १४ ऑगस्ट १९९६

बाईंनी आमच्या डोळ्यांदेखत, भानावर असताना सही केली.
साक्षीदार: १. (सही) डॉ. स्वानंद परुळेकर, पनवेल
२. (सही) सौ. आशालता मोकल, शेजारी, पनवेल