जानरावच्या नावाची फुंकर

नांदगाव पेठ, अमरावती
ता. ३ डिसेंबर

ती. सौ. सुभद्राताईस,
जानरावचा शि. सा. न. वि. वि.

ताई, तू म्हणशीन, फोन असतानी हा बह्याड पत्र काहून लिहून राहिला. फोनवर चार शब्द बोललो की खोकला येते आणि मंग तू तिकडून ओरडतं, म्हणून. शिवाय खोली एकच. सत्यभामेच्या कानावर सारं जाते, तिच्या जिवाले उगाच घोर कशाले?

एक खबर चांगली हाय. गिरणीत चौदा वर्षं झाले, पण नेमणूकपत्र मले यंदा पह्यल्यांदा भेटलं. नवा कायदा आला म्हणते, आता ठेकेदाराच्या माणसालेही कागद द्याच लागते. सत्यभामेनं त्याले हळदकुंकू लावून देवाजवळ ठेवलं. मी तिले हसलो, पण खरं सांगतो, मलेही बरं वाटलं. गेटवर सुरक्षेचा मोठा बोर्ड लागला. पह्यले इन्स्पेक्टर साहेब न सांगता येत, मंग आमची धावपळ होये, कपाटातले मास्क बाहेर निघत. आता कोणत्या गिरणीत जायचं ते म्हणे कम्प्युटर ठरवते. आमचा नंबर अजून लागला नाही, म्हणून मास्क कपाटातच हायेत.

आता घोराची गोठ. चाळिशीच्या वरच्या साऱ्यांची कंपनी दरवर्षी फुकट तपासणी करणार हाय. दवाखान्याची गाडी येईन, एका नळीत जोरानं फुंकायचं, छातीत किती दम हाय ते मशीन सांगते. मी रुईच्या गाठी फोडायच्या खात्यात, तिथली धूळ तू पाह्यली हाय. सुट्टी करून कामावर गेलो की पह्यल्या दिवशी छाती आवळते. गूळ खातो, पण आता गुळानंही भागत नाही. खात्यात सारे म्हणून राहिले, ज्याची फुंकर कमी भरली त्याले घरी बसवतीन. शेहेचाळिसाव्या वर्षी मले दुसरं कोण काम देते? तू काहीतरी सुचव.

भाऊजींले नमस्कार. पत्राले उशीर केला तर चालीन, मायेले करू नको.

तुहा भाऊ
जानराव

~

पातूर, जि. अकोला
ता. ९ डिसेंबर

चि. जानरावास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुहं पत्र शेवंतीच्या वाफ्यात उभ्यानंच वाचलं. तुहे भाऊजी म्हणाले, पत्र आलं की ही बाई फुलं तोडाचं सोडून देते. त्यांले म्हटलं, भाऊ माहा हाय, फुलं तुमचे हायेत, तुमी तोडा.

आता कान देऊन आयक. तू त्या नळीत फुंकायचंच नाही. आपला धाकटा उत्तम कशासाठी हाय? चांदूर बाजारले दिवसभर भाजीच्या मळ्यात राबते, त्याची छाती बैलासारखी. तुमी दोघं एका साच्यातले. लहानपणी मास्तर तुह्या वाटचा मार त्याले देत. उत्तमनं मिशी काढावी, तुहा निळा शर्ट घालावा, तुहं कार्ड गळ्यात अडकवावं. त्या गाडीतले लोक परगावचे, त्यांले काय समजते? आधार कार्डावरचा फोटो तर कोणाचाही वाटते.

तू भेकड, मले माहीत हाय. आयत्या वेळी पाय मागं घेशीन. म्हणून उत्तमले मी आधीच फोन केला. तो तयार हाय. तू फक्त त्या दिवशी घरी झोपून राह्य.

सत्यभामेले सांगू नको, ती देवाले घाबरते. पोट्टे बरे असतीन. आमच्यावर असाच जीव लाव.

तुही ताई
सुभद्रा

~

नांदगाव पेठ
ता. २२ डिसेंबर

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

जमलं व बाई. उत्तमनं मिशी काढली तवा मोनाली नवऱ्याकडे पाहून पदरात तोंड लपवून हसली म्हणते. माहा शर्ट त्याले खांद्यात तंग झाला. रांगेत माह्या खात्यातला रामराव त्याच्या मागंच होता. त्यानं ओळखलं, पण चुगली केली नाही.

उत्तमनं अशी फुंकली की मशीनचा काटा टोकाले जाऊन लागला. सत्त्याण्णव टक्के. गाडीतला डॉक्टर म्हणाला, धुळीच्या खात्यात असून अशी छाती म्हणजे कमाल हाय. कंपनीनं नोटीस बोर्डावर माहं नाव लावलं. तपासलेल्या दोनशे लोकांत मी पह्यला. उत्तम घरी येऊन पोटभर जेवला आणि जातानी म्हणाला, दादा, तुह्या म्हातारपणापर्यंत मी फुंकत राहीन.

रामराव खऱ्या दमानं फुंकला, नापास झाला. त्याले दुसऱ्या दिवसापासून कामावर बोलावलं नाही. त्याची बायको रडत होती. तुहं डोकं नसतं तर आज माह्याही घरी तेच झालं असतं. तुहे उपकार कसे फेडू? आता मनातला घोर काढून टाक, अशीच पाठीशी राह्य.

तुहा
जानराव

~

नांदगाव पेठ
ता. १५ एप्रिल

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

लिहाले हात होत नाही, पण तुह्याशिवाय हे सांगू कोणाले?

रामराव परत आला. महिनाभर त्याले दवाखान्यात ठेवलं होतं, खर्च कंपनीचा. आता तो तयार मालाच्या गोदामात बसते. तिथी धूळ नाही. पगार तोच. कायद्यात तसंच हाय म्हणते, छाती बिघडलेल्या माणसाले धुळीतून काढाच लागते. घरी बसवतात ही गोठ कोणी उठवली, देव जाणे. आमी साऱ्यांनी खरी मानली.

मी साहेबाकडे गेलो, म्हटलं मलेही गोदामात टाका, जिना चढवत नाही. त्यानं फाईल उघडली. म्हणाला, जानराव, तुही छाती गिरणीत एक नंबर, तुले हलवलं तर बाकीच्यांले काय सांगू? हसला तो. वाईट माणूस नाही ताई, समोर जे लिहिलं होतं ते त्यानं वाचलं.

रामरावच्या गालावर रंग आला हाय. मी मात्र अजून गाठी फोडून राहिलो. तुह्यावर राग नाही. कधी मनातही आणू नको.

तुहा
जानराव

~

पातूर
ता. २१ एप्रिल

चि. जानरावास,
अनेक आशीर्वाद.

तुहं पत्र वाचलं. मीच तुले त्या धुळीत डांबलं. मले काय समजत होतं कायद्यातलं? आपल्याले कोणी काही द्याले लागलं की आपण पह्यले हात मागं घेतो, कुठीतरी फसवीनच असं वाटते.

मी गिरणीत येतो आणि साहेबाले खरं सांगतो. शिक्षा झाली तर मले होऊ दे. तू नाही म्हणशीन, म्हणून पह्यले अकोल्याले ये. मोठ्या दवाखान्यात तुह्या खऱ्या छातीचा कागद करू. सोमवारी बस स्टँडवर उभी राह्यतो.

अभागी
सुभद्रा

~

नांदगाव पेठ
ता. १८ डिसेंबर

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

अकोल्याचा कागद घेऊन मी तीन खेपा साहेबाकडे गेलो. तो म्हणते बाहेरचा कागद चालत नाही, कंपनीच्या तपासणीत येऊ दे. रामरावच्या पोरानं मोबाईलवरून सरकारकडे तक्रारही टाकली होती. श्रावणात शेवटी कम्प्युटरनं आमचा नंबर काढला. इन्स्पेक्टर आले. कायदा समजावून सांगणं हेही आता त्यांचंच काम, म्हणून तासभर समजावलं. फाईल पाह्यली, साऱ्यांचे तपासणीचे कागद लावलेले. शाबासकी देऊन गेले. त्या दिवशी आमच्या तोंडाले मास्क होते.

काल गाडी परत आली. या खेपी मी स्वतः गेलो, स्वतःच्या दमानं फुंकलो. एकदा, दोनदा, तीनदा. एक्केचाळीसच्या वर काटा सरकला नाही. चौथ्यांदा डोळ्यापुढं अंधारी आली आणि मी बाकावर बसलो. मले वाटलं, सुटलो.

पण मशीनवाल्या पोरीनं मागच्या वर्षीचा आकडा काढला. तिनं डॉक्टरले दाखवलं. तो मले म्हणाला, एका वर्षात सत्त्याण्णवचे एक्केचाळीस होत नाहीत काका, गोदामाचं हलकं काम पायजे म्हणून पुरा जोर लावून नाही राहिले तुमी. कागदावर लिहिलं, 'सहकार्य करत नाही, मागील अहवाल ग्राह्य.' ताई, उत्तमची फुंकर माह्या छातीवर बसली हाय, ती आता मलेही उठवता येत नाही.

तू येऊन खरं सांगतो म्हणतं. सांगितलं तर उत्तमवर फसवणुकीची केस होईन, त्याचे दोन पोट्टे शिकून राहिले. तो दर आठवड्याले वांगे, मेथी घेऊन येते आणि सत्यभामेसमोर मिशीले ताव देते. त्याले यातलं काही माहीत नाही. तुले माह्या गळ्याची शपथ हाय, सांगू नको. भावाच्या मरणाले कारण झालो, असं समजून त्यानं जगू नये.

जास्त लिहवत नाही. मले आशीर्वाद दे.

तुहा
जानराव

~

चांदूर बाजार
ता. २४ फेब्रुवारी

ती. सौ. सुभद्राताईस,
उत्तमचा शि. सा. न. वि. वि.

दादाले जाऊन आज वीस दिवस झाले. तू तेरवीनंतर गेली तशी एक शब्द बोलली नाही, फोनही उचलत नाही. म्हणून दादासारखं पत्र लिहून राहिलो. माह्यावर रुसली का?

गिरणीचे साहेब भेटाले आले होते. म्हणाले, छाती तर त्याची उत्तम होती, हृदयानंच घात केला असन. गिरणीच्या धुळीनं गेला असं ठरलं असतं तर वहिनीले पैसे भेटले असते म्हणते, पण तसा कागद नाही. जाऊ दे. मले एकच समाधान हाय ताई, माह्या एका फुंकरेनं दादाची नोकरी शेवटपर्यंत टिकली. तो घरी बसून, लोकांच्या तोंडाकडे पाहून मेला नाही. हे आठवलं की रडू थांबते.

आणखी एक. साहेबांनी दया केली, वहिनीले दादाच्याच खात्यात झाडलोटीले घेऊन राहिले. पण घेण्याआधी तपासणी हाय. वहिनीची छाती चुलीच्या धुरानं आधीच गेलेली, तुले माहीत हाय. बाईच्या नावानं माह्यासारख्या माणसानं फुंकून कसं चालीन? म्हणून मोनालीले तयार केलं. ती पुढच्या शुक्रवारी वहिनीचं लुगडं नेसून जाईन. तू घाबरू नको, तुहीच शिकवण हाय.

एकदा तरी फोन उचल. आता आमच्यावर माया कराले तूच राह्यली.

तुहा धाकटा
उत्तम

~

पातूर
ता. २६ फेब्रुवारी

चि. उत्तमास,

मोनालीले पाठवू नको. फोनवर माह्याच्यानं हे बोलवणार नाही, म्हणून हे पत्र माह्या कुलदीपच्या हातानं पाठवून राहिली. पोरगा समोर बसला असतानीच वाच.

जानरावनं मले शपथ घातली होती. मी मोडून राहिली. त्या दिवशी तू फुंकला नसता तर तो नापास झाला असता, रामरावसारखा गोदामात बसला असता आणि आज जिवंत असता. पुढच्या वर्षी तो स्वतः फुंकला, पण तुह्या आकड्यापुढं त्याच्या दमावर कोणी विश्वास ठेवला नाही. त्याचे सारे पत्र सोबत हायेत.

तुले मी पाठवलं होतं. तू लहान, मी सांगितलं ते केलं. हे पाप माहं हाय, त्यातलं उलीसंही तुहं नाही, हे दहादा वाच. तरी तुले झोप लागणार नाही, ते मले समजते.

सत्यभामेले तिच्याच दमानं फुंकू दे आणि नापास होऊ दे. नाही घेतलं तर तिले इकडे आण. फुलं तोडीन, माह्याजवळ राहीन.

माया ठेव म्हणाले मले तोंड राह्यलं नाही. पत्र वाचलं एवढं कुलदीपजवळ सांग.

सुभद्रा