वळणावरची वाळू

एस्कलान्टे, युटा
२४ फेब्रुवारी

चि. फेरिन यास,

थोरल्या बहिणीचे आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. तुझी मांजर माझ्याकडेच आहे आणि तुझ्याइतकीच हट्टी आहे. नवा पाय लावून तू दहा पावलं चाललास हे नर्सकडून कळलं. तुझ्याकडून कळलं असतं तर जास्त बरं वाटलं असतं.

आता मुद्द्याचं. ती गोष्ट लोकांना सांगणं बंद कर. माझे कान किटलेत. चर्चच्या जेवणात मी बटाटे वाढून घेत होते, तर बिशपच्या बायकोनं माझा हात धरला. डोळ्यांत पाणी. म्हणते, "आर्डिथ, भाऊ कुठे पडलाय ते तुला आतून कळलं गं." पेट्रोलपंपावरही तेच. मी काही संत नाही.

घळीत एकटा जाऊ नकोस, गेलास तर चिठ्ठी ठेव, हे तुला किती वेळा सांगितलं? पण चिठ्ठी ठेवली की मी मागोमाग येऊन जागा पटकावणार, ही तुझी भीती. चाळीस वर्षं आपण घळीतल्या त्याच वळणाचे फोटो काढतोय. अकराच्या सुमारास समोरच्या भिंतीवरून परतलेला उजेड तिथे पोचतो, लाल दगड पेटतो, आणि आपण कोण आधी आलं यावरून भांडत बसतो. या वयात शोभतं का हे?

तू अडकलास त्या मंगळवारी मीही गेले होते.

वळणावरच्या वाळूत ठसे होते. एका बाजूनं झिजलेली टाच, म्हणजे तुझीच. असा संताप आला. म्हटलं, आलाच हा आधी आणि नास करून ठेवला. जुनिपरच्या झुडपाची फांदी मोडली आणि सगळं झाडून काढलं. फोटो क्लबात नवख्यांना मीच दटावते ना, काडीलाही हात लावायचा नाही म्हणून? तीच मी. फोटो काढला आणि निघताना माझेही ठसे पुसले.

बुधवारी तुला शोधायला शेरिफची माणसं वळणापर्यंत गेली, स्वच्छ वाळू बघून परत फिरली. मला विचारलं, काल तिकडे गेली होतीस का? मी नाही म्हणाले. फांदीची लाज वाटली, फेरिन. फांदीची. त्या संध्याकाळीच माझ्या लक्षात आलं की ठसे फक्त आत जाणारे होते, परतीचे नव्हतेच. तरी सकाळपर्यंत गप्प बसले. मग फोन करून म्हटलं, "वळणाच्या पुढे बघा, मला आतून वाटतंय."

गार पाण्यात पाय अडकून तू दोन रात्री काढल्यास. पहिली तुझ्या हट्टाची, दुसरी माझी. एक दिवस आधी सापडला असतास तर पाय वाचला असता असं डॉक्टर म्हणाले, हे तू मला हसत सांगितलंस. मी मांजरीचा विषय काढला.

फोटो फार चांगला आलाय. कुणाला दाखवलेला नाही.

येत्या रविवारी, सगळ्यांसमोर आपापल्या श्रद्धेची साक्ष द्यायच्या दिवशी, तू चर्चमध्ये उभा राहून माझे आभार मानणार आहेस असं कळलं. म्हणून घाईनं लिहितेय. त्या पायावर माझ्यासाठी उभा राहू नकोस. उभी मी राहीन. तू बसून ऐक, आणि नंतर माझ्याशी बोलायचं की नाही ते तू ठरव.

तुला आत सोडून आलेली,
आर्डिथ