जिन्यात अडकलेलं स्ट्रेचर

आई, पाया पडतो, पण "तोंड आवर" हे पुन्हा लिहू नकोस. मागच्या महिन्यात आवरलंच होतं. साथीची तयारी म्हणून कंपनीच्या साहेबांनी आमच्या चाळीच्या अंगणात स्ट्रेचर पळवून दाखवलं, टाळ्या घेतल्या. आमचा जिना केवढा अरुंद, ते कुणी विचारलंच नाही.

परवा शेजारच्या खोलीतला सुतार तापाने कोसळला. स्ट्रेचर जिन्याच्या वळणावर अडकलं. साहेब खालूनच ओरडतायत, "अरे, तिरकं करा!" शेवटी आम्ही चौघांनी त्याला माझ्या चादरीत घालून उतरवलं. वाचला. मला ताप नाही; खोकला आहे तो धुळीचा.

आता सगळ्या खोल्यांनी वर्गणी काढून जाड कापडाची झोळी शिवून घेतलीय. उद्या साहेबांनी साथीबद्दल बैठक ठेवलीय; तिला आम्हाला बोलावलेलं नाही, तरी झोळी खांद्यावर टाकून जाणार आणि बोलणार.

तुझा गुडघा कसा आहे? रागावू नकोस. झोळीच्या वर्गणीत माझे तीनशे गेले, म्हणून सत्तावीसशेच पाठवतोय.