अण्णांच्या नावाची गत

बसवनगुडी, बंगळूर
९ फेब्रुवारी १९५८

तीर्थस्वरूप अक्का,

वामनचा नमस्कार. बदलीनंतर मिळालेली खोली हवेशीर आहे, खानावळीतला सारू-भातही आता पचतो. आईचा गुडघा कसा आहे?

काल आपल्या धारवाडचे व्हायोलिनवाले दत्तूबुवा आले. अण्णांच्या स्मरणार्थ बांधलेली गत त्यांनी वाजवली. पायानं ताल धरला होता, पण समेचा स्वर दर वेळी जरा मागून येत होता.

"तुझे वडील मैफलीत पहिल्या रांगेत बसून अशीच उशिरा टाळी देत बघ," ते हसले. "आम्ही पोरं चेष्टा करायचो. पुढं मलाच ती आवडायला लागली."

रामनवमीच्या मैफलीत ती अण्णांचं नाव सांगून वाजवू का, असं त्यांनी विचारलं. हा मान की चेष्टा, मला ठरवता येईना. कॉलेजात असताना त्या टाळीच्या लाजेनं मी मागं जाऊन बसायचो, तेव्हा माझ्या मताचा भरवसा काय?

तू अण्णांच्या शेजारी असायचीस. त्यांना ताल कळत नव्हता, की ते ऐकण्यात गुंगायचे?

निघताना बुवा म्हणाले, "सम सरळ करून देऊ काय?" मी घाईघाईनं नको म्हटलं. का म्हटलं, ते अजून शोधतो आहे.

हे सगळं आईला जपून सांग.

तुझा,
वामन