त्याच गॅसचं औषध

अहो सायलीचे बाबा,

आज मी आपल्या सायलीच्या थोबाडीत मारली. एवढी शिकलेली पोर, पुण्याला मेंदूच्या औषधांवर संशोधन करते, आणि मी तिच्यावर हात उचलला. हे तुमच्याशिवाय कुणाला सांगू?

ती म्हणत होती, "आई, बाबांच्या कंपनीत तो सडक्या अंड्यांच्या वासाचा गॅस होता ना, तो आपला मेंदूपण बनवतो. अगदी कणभर. डोक्यात रक्तस्राव झाला तर तेवढ्याशा गॅसनं मेंदू वाचंल का, ते आम्ही बघतो. जास्त झाला तर माणूस मरतो."

त्या गॅसचं नाव ऐकलं आणि माझं डोकं फिरलं.

निडी गावच्या कबड्डीच्या सामन्यात तुम्ही पंच होतात. एका खेळाडूला गुण नाकारलात आणि त्या हरामखोरानं कडेचा बांबू उपटून तुमच्या डोक्यात घातला. नुसतं टेंगूळ आलं. दुसऱ्या दिवशी तसेच रोह्याला कंपनीत पहिल्या शिफ्टला गेलात. का गेलात? तिथे ओकून पडलात, तर सगळे म्हणाले, "गॅस लागला, वाऱ्याला न्या." आणि तुम्हीही म्हणालात, "व्हय, निजवा मला, बरं वाटंल." तुमच्या कंपनीत कुणीही पडला की त्याला गॅसच लागलेला असतो! तुम्ही वाऱ्याला निजलात आणि आत रक्त साठत राहिलं. दवाखान्यात नेलं तेव्हा फार उशीर झाला होता, डॉक्टरांनी नुसती मान हलवली.

तेराव्याच्या आधीच मी कोयता घेऊन त्याच्या दारात गेले होते. भावानं कंबरेला धरून ओढत आणलं. अजून तो पेणच्या बाजारात दिसला की त्याचं डोकं ठेचावंसं वाटतं. खोटं कशाला सांगू?

सायलीला विचारलं, औषध देता कुणाला? उंदरांना, म्हणाली. त्यांच्या डोक्यात कुठून आलं रक्त? ती खाली बघून म्हणाली, "आम्हीच करतो. भूल देऊन मेंदूत सुई घालतो."

तेव्हा माझा हात उठला.

ती रडली नाही. म्हणाली, "माझ्याच्यानं नाय होत गो आई. सुई धरली की बाबा दिसतात. सोडून देऊ?" तेवढंच विचारायला ती घरी आली होती.

सोड, असं अगदी ओठांवर आलं होतं. पण उद्या एखादीचा नवरा असाच उशिरा दवाखान्यात पोचला, तर तिथल्या डॉक्टरनंही मानच हलवायची का?

सोमवारी मीच तिला पुण्याच्या गाडीत बसवीन. सांगीन, कर. तुझ्या हातून जे रक्त सांडंल, त्याचं पाप माझ्या माथी. हा शब्द तुम्हाला देते.

तुमची,
सुनंदा