मार्तोच्या शेतातलं मडकं

लिहून ठेवणार : वागिराह, मरहूम कासान यांची विधवा, वय पंचाहत्तरच्या आसपास, धंदा तंबाखूची शेती, राहणार वातुलेर वाडी, सुंबिंग डोंगराचा उतार.

हे मृत्युपत्र मी राजीखुशीने आणि शुद्धीवर राहून सांगत आहे. छातीत दमा आहे, गुडघे गेले आहेत, पण डोके जागेवर आहे. ज्याला खात्री करायची असेल त्याने कोणत्या पावसाळ्यात कोणाची भिंत गेली ते मला विचारावे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव आणायला वाडीत माणसेच उरलेली नाहीत. मला कागदाची भाषा येत नाही, म्हणून शाळेचे सुगेंग मास्तर लिहीत आहेत. मी बोलेन ते सगळे लिहायचे, मधले काही गाळायचे नाही, या अटीवर त्यांना गुळाची कॉफी आणि उकडलेला कंद दिला आहे. आताच त्यांनी विचारले की दमा लिहायलाच हवा का. हो मास्तर, लिहा.

कलम पहिले. घरातल्या वस्तू.

तंबाखू चिरायचा सुरा, त्याचे लाकडी घोडे, वाळवणाच्या बांबूच्या सगळ्या ताट्या आणि भात उकडायचे तांब्याचे भांडे माझ्या बहिणीची मुलगी रुकिनी हिला द्यावे. दुखण्यात तिनेच माझे केले. सुऱ्याला धार लावताना घाई करू नये, हे तिला आजवर शंभरदा सांगितले आहे, आता मेल्यावरही सांगते. शेळी तिचीच. कानातले सोन्याचे फूल विकून माझ्या मातीचा आणि जेवणाचा खर्च करावा. तपकिरी बाटिकचे लुगडे माझ्या जनाज्यावर घालावे, निळे रुकिनीने नेसावे, तिला ते पहिल्यापासून डोळ्यांत भरले आहे.

आमच्यात जनाजा उचलून धरला की पोटची माणसे त्याखालून वाकून जातात. माझे पोटचे एकच, परजान, आणि तो कुठे आहे ते मला ठाऊक नाही. तेव्हा रुकिनीने आधी स्वतःसाठी जावे आणि मग परत येऊन त्याच्यासाठी जावे. लोक हसले तर हसू देत.

कलम दुसरे. जमीन.

माझ्या नावावर एक पट्टा आहे. कागदावर तो जिथे आहे तिथे तो नाही. आमच्या वाडीची जमीन सरकते. धाडकन कोसळली असती तर एकदाच रडून मोकळे झालो असतो. पण ती पावसाचे पाणी पिते आणि गुपचूप खाली उतरते. सकाळी उठावे तर दार लागत नाही, चूल तिरकी झालेली. सरकारी माणसे यंत्रे घेऊन आली, मातीत काठ्या रोवून गेली, म्हणाली वाडी सोडा. बरीच माणसे खाली बसच्या रस्त्याला पत्र्याच्या वसाहतीत गेली. रोवलेल्या काठ्याही खाली गेल्या.

हद्दीला लाल पानांची झाडे लावायची आमची रीत. ती झाडे मातीबरोबर चालत शेजाऱ्याच्या शेतात जाऊन उभी राहतात आणि तिथून भांडण सुरू होते. माझ्या खालच्या अंगाला मार्तोचे शेत. मार्तो मला 'म्बाक्यू' म्हणतो, म्हणजे ताई, पण म्हणतो शिवी घातल्यासारखा. माझी माती त्याच्या शेतावर जाऊन बसली, माझ्या फणसासकट. तो म्हणाला, आली ती माझी.

"तुझं शेत खाली आहे," मी म्हटलं. "वर बसलीय ती माती माझी. खणून काढ तुझं शेत."

"आणि तुझी माती कुठं ठेवू, म्बाक्यू? डोक्यावर?"

"ठेव. रिकामंच आहे."

हे भांडण आम्ही तरुणपणी सुरू केलं आणि दात पडले तरी सोडलं नाही. चावडीवर सरपंचांसमोर मार्तोने शपथेवर सांगितलं की वागिराहचं घर त्याच्या हद्दीत कधी नव्हतं, आता नाही आणि पुढेही असणार नाही. हे नीट लिहून घ्या मास्तर, पुढे लागणार आहे.

तर ती वर बसलेली सगळी माती, फणसासकट, मी या कागदाने मार्तोला देते. वरचा उरलेला पट्टा रुकिनीला, जेवढा जागेवर सापडेल तेवढा.

कलम तिसरे. घर.

घर लाकडी आहे, खांब दगडांवर नुसते टेकलेले आहेत. म्हणून ते उचलता येते. जमीन खाली गेली की वाडीतली सगळी पुरुषमाणसे जमायची, बांबू बांधायची आणि अख्खे घर खांद्यावर घेऊन परत वर कागदावरच्या जागी आणून ठेवायची. आरोळी द्यायला माझा कासान. बायका मक्याचा भात रांधायच्या, टेम्पे म्हणजे सोयाबीनच्या वड्या तळायच्या. घर जागेवर टेकले की पोरे नाचायची. प्रत्येक वेळी आम्ही खूश. दारात पुरलेल्या मडक्याचे मात्र एकाच्याही लक्षात आले नाही, आणि त्यात मी, परजानची आई, मीही आले.

परजान झाला तेव्हा कासानने त्याची वार स्वतःच्या हाताने धुतली, मीठ, सुईदोरा आणि फुले घालून मडक्यात ठेवली, मडके लेकरासारखे कापडाच्या झोळीत घेतले, वर छत्री धरली आणि घरातून बाहेर पडताना उजव्या हाताला येते तिथे, दारालगत पुरले. मुलगा झाला की उजवीकडे, मुलगी झाली की डावीकडे. वार म्हणजे बाळाचा धाकटा भाऊ. थोरला कुठेही गेला तरी हा दारात बसून राहतो आणि त्याला घराकडे ओढतो. म्हणून थोरल्याचा जन्मवार फिरून आला की तिथे दिवा लावायचा. मी लावत आले.

एका पावसाळ्यात तंबाखूचे सगळ्यात चांगले वावर खाली गेले आणि परजान कालिमंतानला ताडाच्या मळ्यावर कामाला गेला. बस, मग बोट. "आई, ईदेला येतो" म्हणाला, आणि येतही होता. येताना माझ्यासाठी खोकल्याचा मलम आणि बापासाठी टोपी. मग कासान गेला. मग जमीन पुन्हा सरकली, घर शेवटचे वर ओढले, आणि त्या ईदेपासून परजान आला नाही. कोणी म्हणे मळा बंद पडला. कोणी म्हणे त्याला एका बंदरात पाहिला. कोणी म्हणे बाई करून बसलाय. बसू दे की! तिलाही घेऊन ये म्हणावं, मी काय खाणार आहे तिला? मी सेमारांगच्या धक्क्यापर्यंत एकटी जाऊन आले. समुद्र पाहिला. एवढं पाणी असेल असं मला वाटलं नव्हतं. विचारायचं कोणाला तेच कळेना, म्हणून बसमध्ये बसून परत आले.

एकदा असाच दिवा लावून दारात बसले होते, तर खालून मार्तो ओरडला, "म्बाक्यू! तुझा पोरगा माझ्या बटाट्यात आहे!"

मी विळा घेऊनच उतरले. वाटलं, मेला थट्टा करतोय, आज याला ठेवत नाही. तर तो कुदळ बाजूला टाकून उकिडवा बसलेला. मातीतून मडक्याची कड वर आली होती आणि झाकणावर कासानने विळ्याने मारलेली फुली होती.

"मी हात लावला नाही," मार्तो म्हणाला. "गुपचूप माती लोटली असती. पण तू वर रिकाम्या जागेला दिवा दाखवतेस. बघवत नाही."

घर आम्ही वर ओढत राहिलो आणि दारातली माती खाली चालत राहिली. एवढं साधं. माझं लेकरू कालिमंतानातून घराकडे ओढलं जात असेल तर ते इथे, बटाट्यांत येणार, आणि इथे ना दार ना आई. मी तिथेच मातीत बसून रडले. मार्तो दुसरीकडे तोंड करून उभा राहिला, तेवढं त्याने केलं.

रुकिनी म्हणाली, मडकं उकरून वर आणू. ते करता येत नाही. पुरलेलं मडकं हलवलं की माणूस भिरभिरा होतो, कुठेच ठरत नाही. आमचे मौलवी म्हणतात, वागिराह, माणूस मडक्याने येत नाही, अल्लाच्या मर्जीने येतो. खरं असेल. पण त्यांची तिन्ही मुलं घरी आहेत.

मग मी मार्तोला म्हटलं, मडकं येत नाही तर घर इथे आणू दे.

"इथं? माझ्या एकुलत्या एक सपाट तुकड्यात? आणि बटाटे काय छपरावर लावू?"

नाही म्हणजे नाहीच म्हणाला. पण त्या जागेवर त्याने पुन्हा बटाटा लावला नाही. बांबूची टोपली पालथी घातली आणि मला दिवा लावायला येऊ दिलं. रोपं तुडवू नकोस म्हणून दर वेळी बोंब मारायचा, ते वेगळं.

कलम चौथे. यंदाच्या ईदेची हकीकत, आणि त्यावरून माझा हुकूम.

मास्तर म्हणतात, मृत्युपत्रात हकीकत नसते. माझ्यात आहे.

यंदाच्या ईदेला शहरातली सगळी पोरे आली. मी नेहमीसारखी बसच्या वळणावर उभी होते. एकेक उतरला, पाया पडला. परजान नव्हता. नमाजानंतर मी सगळ्यांदेखत मार्तोपुढे हात जोडले. म्हटलं, एवढे खांदे आले आहेत, आज घर खाली आणू दे, मी पुढच्या ईदेला नसेन. तो मान हलवत निघून गेला. पोरे बसमध्ये बसली आणि गेली. आणि ती गेल्यावर दुसऱ्या दिवशी हा माझ्या पायरीवर येऊन बसला.

त्याची मुलगी जुमिलाह हाँगकाँगला घरकामाला गेली आहे. मालकिणीने सुट्टी दिली नाही. तिच्याशिवाय त्याची ही पहिलीच ईद.

"बटाटे काय," मार्तो म्हणाला, "कुठेही लागतात. आण तुझं घर."

"अरे मुडद्या! माणसं गेली! परवा का नाही बोललास?"

"परवा कळलं नव्हतं," तो म्हणाला.

आता घर उचलायला कोण आहे? मी, मार्तो, मास्तर आणि वसाहतीतून काठी टेकत आलेले दोन म्हातारे. आम्ही पाच जणांनी एक खांब धरून पाहिला सुद्धा. हललादेखील नाही, मास्तरांची कंबर मात्र धरली. दवाखान्यातली बाई म्हणते, महिना-दोन महिने काढाल, पावसाळ्याचं सांगता येत नाही. पावसाळ्यानंतर ईद आहे. माझ्या हातात काही नाही. म्हणून हा कागद.

तर हुकूम असा. पुढच्या ईदेला पोरे आली की त्यांनी माझे घर उचलावे आणि मार्तोच्या शेतात असे ठेवावे की बाहेर पडताना मडके दाराच्या उजव्या हाताला येईल. आरोळी मार्तोने द्यावी, त्याचा आवाज मोठा आहे हे मला चांगले ठाऊक आहे. जेवण रुकिनीने रांधावे. रुकिनी म्हणते, "बुदे, खाली वसाहतीत नळ आहे, बस दारात येते, घर उकलून तिकडे नेऊ." या बुदेचे, थोरल्या मावशीचे ऐक बाई. नळाला कोणी घर म्हणून परत येत नाही. एक फळीही वसाहतीत जाता कामा नये.

परजान येईपर्यंत त्या घरात मार्तोने राहावे. त्याच्या भिंतीला एवढी भेग गेली आहे की मांजर आत-बाहेर करते. आमचे बाजाराचे पाच दिवस फिरत असतात, त्यातला पोन बाजार शनिवारी आला की तो परजानचा जन्मवार, त्या दिवशी दिवा लावावा. त्याच्या जुमिलाहचे मडकेही त्याच्या जुन्या दाराला डाव्या हाताला आहे, तिथे तो लावतोच, एक जास्त. आणि जमीन पुन्हा सरकली तर घर परत वर ओढू नये. मडक्याबरोबर जाईल तिथे जाऊ द्यावे. त्याच्याही खालच्या शेतवाल्याशी भांडण मार्तोने करावे, त्याला सवय आहे.

कलम पाचवे. परजान.

घर परजानचे आहे. तो आला की त्याच दिवशी त्याच्या ताब्यात द्यावे, काही विचारू नये. इतकी वर्षे कुठे होतास, हे तर मुळीच विचारू नये. आधी जेवायला घालावे.

तो आधी वर जाईल. तिथे खांबांचे दगड दिसतील, घर दिसणार नाही. त्याला वाटेल, आईबरोबर सगळेच गेले. या एका गोष्टीने माझा जीव खालीवर होतो. तेव्हा दिवसा वसाहतीच्या बाजूने कोणी अनोळखी माणूस चढताना दिसला तर मार्तोने खालूनच हाक मारावी. आणि परजानने विचारले, घर इथे कसे, तर मार्तोने त्याला सांगावे की ते पहिल्यापासून इथेच होते, एवढ्या वर्षांत तूच विसरलास. त्याच्या मागे दार हलत राहिले, हे त्याला कळता कामा नये. मार्तोने चावडीवर माझ्याविरुद्ध शपथा घेतल्या, त्या सगळ्या मी माफ करते. त्याच्या बदल्यात त्याने माझ्यासाठी एवढे एक खोटे बोलावे.

आणखी सांगण्यासारखे माझ्याकडे काही नाही. मास्तरांनी वाचून दाखवले, मी ऐकले, बरोबर आहे.

वागिराह, डाव्या हाताचा अंगठा.
वातुलेर, मंगळवार, लेगी बाजाराचा दिवस, २० सप्टेंबर २०११.

साक्षीदार पहिला : सुगेंग, शाळामास्तर. मजकूर सांगितल्याप्रमाणे लिहिला आहे. ज्याला मृत्युपत्रात काही मिळते त्याने साक्ष करू नये, असे मी बाईंना सांगितले. त्या म्हणाल्या, मग दुसरा माणूस शोधून आणा. मी वाडीभर फिरून आलो.

साक्षीदार दुसरा : मार्तो, शेजारी. वाचून दाखवलं, ऐकलं. मातीबद्दल लिहिलंय ते साफ खोटं आहे, ती माझीच होती. बाकी कबूल. विचारलं तर सांगेन, पहिल्यापासून इथंच आहे.