पासवर्ड माझ्याकडे, ओटीपी ह्यांच्याकडे

सोमवार, ३ मार्च

बाजार आपटला. पहिल्या पानाचा मथळा मीच दिला – ‘शेअर बाजारात हाहाकार’. संपादक म्हणाले, “हाहाकार जरा जास्त होतोय का?” म्हटलं, आकडा बघा. हाहाकार राहिला.

मंगळवार, ४ मार्च

सकाळी ह्यांनी चहा गार होईपर्यंत तो मथळा वाचला.

“आपलं किती गेलं?”

“काही गेलेलं नाही. विकलं तर जाईल.” – मी, पोळ्या लाटता लाटता, मोठ्या ऐटीत.

आजही बाजार खालीच. दुपारी ऐन पान लावायच्या घाईत ह्यांचा फोन. “आपला पासवर्ड काय गं? आयकरासाठी एक कागद बघायचाय.” आत्ता? म्हटलं, पान गेल्यावर सांगते. मग विसरलेच. त्यांनीही पुन्हा विचारलं नाही.

गुंतवणुकीच्या खात्याचा पासवर्ड फक्त माझ्या डोक्यात असतो, आणि व्यवहार करताना येणारा ओटीपी ह्यांच्या फोनवर. कचेरीत दोघांच्या सह्या झाल्याशिवाय पान छपाईला जात नाही. खातं उघडताना तीच शिस्त मी घरी आणली. तेव्हा हे हसले होते – “नवरा-बायकोतही मुद्रितशोधन!”

बुधवार, ५ मार्च

धाकट्या दिरांचा फोन. “वहिनी, मी सगळं काढून मोकळा! तुम्ही अजून आतच? लोकांना गुंतवणूक शिकवणाऱ्या बाईनं तर आधी बाहेर पडायला हवं!” हसून फोन ठेवला. पण मग दिवसभरात दहादा खातं उघडून बघितलं. आमचं दोघांचं म्हातारपण त्या खात्यात आहे. दुसरं काही नाही.

गुरुवार, ६ मार्च

आज मी विकायला निघाले होते. मी! उद्या द्यायच्या सदराचा विषय – ‘पडत्या बाजारात काय करू नये’. एका खिडकीत सदर, दुसऱ्या खिडकीत आमचं खातं. सकाळपासून नुसती घसरण. दुपारी बाजार बंद व्हायला थोडाच वेळ उरला आणि माझा धीर सुटला. ‘सर्व विका’वर बोट ठेवलं. ओटीपी गेला ह्यांच्या फोनवर. लगेच फोन लावला.

“अहो, आकडा आलाय ना? वाचा चटकन.”

“विकतेयस?”

“हो.”

“सगळं?”

“सगळं! अहो, वाचा ना!”

मागे घासायच्या यंत्राची घरघर. हे दातांच्या कवळ्या बनवतात.

“माझे हात प्लास्टरनं भरलेत.”

“वाचायला हात कशाला लागतात?”

“संध्याकाळी बोलू.” – आणि ठेवला! पुन्हा लावला, उचलला नाही. बाजार बंद झाला. इतकी वर्षं संसार केला, पण एवढा राग कधी आला नव्हता. सदरातलं ‘शांत राहा’ हे वाक्य खोडून टाकलं.

संध्याकाळी मी आदळआपट करत भांडी लावत होते. हे नखांतलं प्लास्टर काढत बसले होते. मग एकेक विचारायला लागले.

“हे पैसे आपल्याला कधी लागणार?”

“तुम्ही काम बंद कराल तेव्हा.”

“त्याला अजून सात-आठ वर्षं आहेत. लेकीच्या फीचे?”

“ते गेल्या वर्षीच काढून ठेवीत टाकलेत.”

“मग आज हे पैसे कोणाला हवेत?”

मी पुढची ताटली उचलली.

“बरं, समज, आज विकलंस. परत कधी घेणार? कोण सांगणार आता घ्या म्हणून?”

हातातली ताटली हातातच राहिली. या माणसाला हे सुचतं कुठून? कवळी आणि क्रिकेट सोडून तिसरा विषय नाही! पण राग उतरला. भूकसुद्धा लागली.

शुक्रवार, ७ मार्च

सदर नव्यानं लिहिलं. ह्यांचे प्रश्न जसेच्या तसे ढापले – ‘ओळखीचे एक कवळ्या बनवणारे गृहस्थ विचारतात…’ वेळेत दिलं. संपादक आपणहून टेबलाशी आले. “हे तुमच्या नेहमीच्या सदरापेक्षा चांगलं झालंय.” आभार मानावेत की भांडावं?

रविवार, ९ मार्च

सदर आलं. कवळीवाल्या गृहस्थांनी तीनदा वाचलं. मिशीतल्या मिशीत हसत होते. म्हटलं, चढली वाटतं!

मंगळवार, ११ मार्च

काल बाजार आणखी पडला म्हणे. हे मला संध्याकाळी पान लावताना कळलं! दिवसभर खातं उघडलंच नव्हतं. ‘पुन्हा हाहाकार’ असा मथळा कोणीतरी सुचवला. मी ‘निर्देशांकात आणखी घसरण’ करून घेतला. झोप चांगली लागतेय.

बुधवार, १९ मार्च

थोडं वर आलंय. टिकेल की नाही, देव जाणे. आम्हाला आत्ता कुठे हवेत ते पैसे! दिरांचा फोन – “वहिनी, आता शिरू का परत? की अजून पडेल?” म्हटलं, भाऊजी, मला कळत असतं तर मी पान लावत बसले असते का? बिचारे रोज सकाळपासून तोच पडदा बघत बसतात. त्यांना टोमणा मारायचा राहून गेला. मारवेना.

शनिवार, २२ मार्च

आज ह्यांनी कबूल केलं. आयकराचा कागदबिगद काही नव्हता – ‘हाहाकार’ वाचून त्या मंगळवारी हे सगळं विकायलाच निघाले होते! मी पासवर्ड दिला नाही, म्हणून चिडून कामाला बसले, तर प्लास्टरखाली अंथरायच्या रद्दीत माझंच कधीचं एक सदर. ‘बघू तरी, लोकांना काय अक्कल शिकवते,’ म्हणून वाचलं. गुरुवारचे सगळे प्रश्न त्यातलेच. माझेच!

हसून हसून डोळ्यांत पाणी आलं. म्हटलं, “सांगून ठेवू का आता पासवर्ड?”

“नको, बाई!”